विश्लेषण : गिरमिटियांच्या मॉरिशसला आता बाहेरून मजूर का आणावे लागतात?

मॉरिशसमध्ये पहाटे दुकानात येणारा ताजा पाव हा रोजच्या जगण्याचा भाग आहे. त्याचा दर सरकार ठरवते आणि तो वाढला की राजकारण तापते. हा पाव रात्रभर जागून मळणारे आणि भाजणारे कामगार मात्र अनेक बेकऱ्यांत बांगलादेशातून आलेले असतात. कापड कारखान्यांत बांगलादेशी, भारतीय आणि मादागास्करचे कामगार आहेत, तर बांधकामांवर भारतीय, बांगलादेशी आणि नेपाळी. एकेकाळी भारतातून जहाजे भरून मजूर आणूनच हा देश उभा राहिला. त्याच मजुरांच्या नातवंडा-पणतवंडांच्या देशात आज ‘आमच्या लोकांना काम नको’ ही तक्रार नेहमीची झाली आहे. ती कितपत खरी आहे?

मॉरिशसमध्ये नेमके काय घडते आहे?

हिंदी महासागरातील हा देश आकाराने गोव्याच्या निम्म्याहून थोडा मोठा आहे. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात. बेरोजगारीचा दर गेली काही वर्षे सहा टक्क्यांच्या आसपास आहे आणि तरुणांमध्ये तो याच्या जवळपास तिप्पट. म्हणजे देशात काम नसलेली माणसे आहेत. दुसरीकडे बेकरीमालक, कापड कारखानदार, हॉटेलचालक आणि बांधकाम कंपन्या मनुष्यबळ मिळत नसल्याचे सांगतात. परदेशी कामगारांचे परवाने लवकर द्यावेत यासाठी त्यांचा सरकारकडे तगादा असतो. सरकारनेही अलीकडच्या काळात कोट्याचे नियम अनेक क्षेत्रांत सैल केले.

कोरोनाच्या आधीच निर्यातीसाठी माल बनवणाऱ्या कारखान्यांत दर पाच कामगारांमागे जवळपास दोन परदेशी होते. बेरोजगारी आणि मजूरटंचाई एकाच छोट्या बेटावर एकाच वेळी असणे विचित्र वाटते. त्याचा सर्वांत सोपा खुलासा म्हणजे लोक आळशी झाले. मालक तोच देतात आणि बसथांब्यावरचा सामान्य माणूसही तोच देतो.

स्थानिक लोक खरेच कामचुकार झाले आहेत का?

याचे उत्तर शोधायचे तर बेटाबाहेर पाहावे लागते. मॉरिशसचे तरुण मोठ्या संख्येने क्रूझ जहाजांवर नोकरीला जातात. स्वयंपाकघरात, खोल्यांच्या साफसफाईत, टेबलांवर वाढपी म्हणून ते महिनोन्महिने काम करतात. या कामात दिवसाला दहा-बारा तास उभे राहणे नेहमीचे आहे आणि आठवड्याची सुट्टी नावालाच. कॅनडातील मांसप्रक्रिया कारखान्यांतही मॉरिशसचे कामगार कराराने गेले आहेत. थंडगार शेडमध्ये मांस कापण्याचे हे काम कोणत्याही मापाने सोपे नाही. फ्रान्सबरोबर तर मॉरिशसने २००८ मध्ये ये-जा करणाऱ्या कामगारांसाठी सरकारी करारच केला होता.

जो तरुण मायदेशात रात्रपाळीला नाही म्हणतो, तोच समुद्रावर रात्रपाळी करतो. तिथे त्याला डॉलरमध्ये पगार मिळतो, खर्च कमी असल्याने पैसे साठतात आणि चार-पाच करार पूर्ण केले की घराचा स्लॅब पडतो. गावातल्या बेकरीत तितकेच कष्ट करूनही हे होत नाही. कामचुकारपणाचा आरोप इथे टिकत नाही. त्याने नाकारली आहे ती कामाची ठरावीक किंमत, आणि त्या कामाला चिकटलेला कमीपणा.

हा कमीपणा येतो कुठून?

ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी संपवण्याचा कायदा मॉरिशसमध्ये १८३५ मध्ये लागू झाला. उसाच्या मळ्यांना मजूर हवेच होते. त्यासाठी १८३४ पासून भारतातून कराराने मजूर आणण्यास सुरुवात झाली. इंग्रजीतील ‘ॲग्रीमेंट’चा अपभ्रंश होऊन झालेले ‘गिरमिट’ ते हेच. १९२० पर्यंत जवळपास पाच लाख मजूर पोर्ट लुईच्या बंदरात उतरले, त्यातले काही पुढे इतर वसाहतींत पाठवले गेले. ज्या धक्क्यावर ते उतरले, तो ‘आप्रवासी घाट’ २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आज देशाची सुमारे दोन तृतीयांश लोकसंख्या भारतीय वंशाची आहे. विद्यमान पंतप्रधान नवीनचंद्र रामगुलाम यांचे आजोबा बिहारमधून आलेले मजूरच होते.

गिरमिटचे नियम आज वाचले तरी अंगावर येतात. एक दिवस कामावर गेले नाही, तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. याला ‘डबल कट’ म्हणत. मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. त्यांच्याकडे मुकादम एका गैरहजेरीचा जो दंड लावतो, त्या ‘खाड्या’चेच हे वसाहतकालीन रूप. १८६७ च्या कायद्याने तर करार संपलेल्या मजुरांनाही छायाचित्र लावलेला पास जवळ बाळगणे बंधनकारक केले. पास नसलेला मजूर रस्त्यावर सापडला, तर त्याला भटक्या ठरवून डांबले जाई. अडॉल्फ द प्लेव्हिट्झ या युरोपीय मळेवाल्याने १८७१ मध्ये मजुरांच्या वतीने अर्ज केला, तेव्हा कुठे ब्रिटिश सरकारने चौकशी आयोग नेमला. पुढे १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून परतताना गांधीजी मॉरिशसला थांबले. तिथल्या भारतीयांनी मुलांना शिकवावे आणि राजकारणात उतरावे हा त्यांचा सल्ला मॉरिशसमध्ये आजही आवर्जून सांगितला जातो.

तिथल्या घरांनी तो मनावर घेतला, असे म्हणायला हरकत नाही. उसाच्या फडातून सुटायचे तर शाळा हाच रस्ता, हे दोन-तीन पिढ्यांनी पाहिले. स्वातंत्र्य १९६८ मध्ये मिळाले आणि माध्यमिक शिक्षण १९७७ पासून मोफत झाले. २०१९ पासून सरकारी विद्यापीठांतील पदवीपर्यंतचे शिक्षणही मोफत आहे. मुलगा शिक्षक, कारकून किंवा पोलीस झाला म्हणजे घर फडातून बाहेर पडले. हातात कोयता असणे म्हणजे मागे राहणे. ही भावना आळसातून आलेली नाही. ती आजोबांच्या पाठीवरून आली आहे. मात्र तिची किंमत अशी की शेत, फड, बेकरी, सेंट्रिंग ही सगळीच कामे हळूहळू ‘शिकले नाहीत त्यांची’ ठरली. आणि नंतर ‘बाहेरून आलेल्यांची’.

परदेशी मजूर यायला सुरुवात कधी झाली?

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ मध्ये या बेटाचे भवितव्य अंधारे रंगवले होते. ऊस हे एकच पीक, वाढती लोकसंख्या आणि हाताला काम नाही, असे ते चित्र होते. मीड यांना पुढे नोबेल मिळाले, पण हा अंदाज चुकला. १९७० मध्ये मॉरिशसने निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा केला आणि हाँगकाँगसह इतर ठिकाणांहून आलेल्या भांडवलावर कपड्यांचे कारखाने उभे राहिले. सुरुवातीला तिथे प्रामुख्याने स्थानिक स्त्रिया कामाला लागल्या. ज्यांच्या आयांनी उसात निंदणी केली, त्या मुली शिलाई मशीनवर बसल्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे २० टक्के असलेली बेरोजगारी दशक संपेपर्यंत तीन टक्क्यांच्या आसपास आली.

इथेच गाडी वळली. सगळ्यांना काम मिळाल्यावर कामगार नोकरी बदलू लागले, पगार वाढवून मागू लागले, जादा तासांना नकार देऊ लागले. कारखानदारांपुढे तीन पर्याय होते: पगार वाढवा, यंत्रे बदला किंवा कामगार बाहेरून आणा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चीनमधून कामगार येऊ लागले. काही कारखान्यांनी मादागास्करची वाट धरली. नंतर भारत, श्रीलंका आणि बांगलादेशचे कामगार आले.

यातला विरोधाभास पुढच्या दशकात दिसला. कापड व्यापारातील देशनिहाय कोट्यांची जागतिक व्यवस्था २००५ पर्यंत टप्प्याटप्प्याने संपली, युरोपने मॉरिशसच्या साखरेला दिलेला हमीदरही २००६ नंतर ३६ टक्क्यांनी कापला. १९९९-२००० च्या सुमारास निर्यात कारखान्यांत ९० हजारांच्या आसपास कामगार होते, त्यातले हजारो काही वर्षांत घरी बसले. त्यात बहुसंख्य होत्या स्थानिक स्त्रिया. पण परदेशी कामगारांची भरती थांबली नाही. चाळिशीतल्या, दहा-पंधरा वर्षे एकच शिवण मारलेल्या बाईला दुसरीकडे काम मिळेना आणि कारखान्याला रात्री उशिरापर्यंत थांबणारी माणसे हवी होती. आजही मॉरिशसमध्ये काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा खूपच कमी आहे. मजूरटंचाईच्या चर्चेत हा मुद्दा सहसा शेवटी येतो, किंवा येतच नाही.

मालकाला परदेशी कामगार का परवडतो?

कागदावर दोघांत फरक नाही. किमान वेतन परदेशी कामगारालाही लागू आहे. शिवाय त्याचे विमानभाडे, राहण्याची सोय, परवान्याचे शुल्क असा खर्च मालकावर येतो. नुसता हिशेब केला तर तो महागच पडायला हवा.

खरा फरक तासांत आहे. मॉरिशसमध्ये कामाचा आठवडा साधारण ४५ तासांचा असतो. त्यावर १५ तास जादा काम आणि त्याला दीडपट दर धरला, तर पगार बरोबर निम्म्याने वाढतो. घर-संसार सोडून आलेल्या बांगलादेशी तरुणाला हे जादा तास हवेच असतात. तो त्यासाठीच आलेला असतो. वसतिगृहात राहणाऱ्याला संध्याकाळी घरी पोहोचायचे नसते, मुलांचा अभ्यास घ्यायचा नसतो, रविवारी नात्यातल्या लग्नाला जायचे नसते. स्थानिक कामगाराला हे सगळे असते. साहजिकच हळूहळू कारखान्याचे वेळापत्रकच ६० तास थांबू शकणाऱ्या माणसाच्या मापाने बेतले जाते. मग ४५ तास काम करणारा त्यात ‘कमी पडतो’ आणि त्याच्यावर आळशीपणाचा शिक्का बसतो.

दुसरी गोष्ट परवान्याची. कामाचा परवाना विशिष्ट मालकाशी बांधलेला असतो. स्थानिक कामगार न पटल्यास सोडून शेजारच्या कारखान्यात जातो. परदेशी कामगाराने तसे केले, तर तो ‘पळून गेलेला’ ठरतो आणि परत पाठवला जाऊ शकतो. मालकाला अशा कामगाराचा मोठा भरवसा वाटतो. मजुराच्या बाजूने पाहिले तर १८६७ चा पास आणि आजचा परवाना यांत अंतर पुष्कळ आहे, पण नाते तुटलेले नाही.

बेकरीचे उदाहरण इथे पुन्हा पाहण्यासारखे आहे. पावाचा दर सरकारने बांधलेला, पिठाला अनुदान. दर वाढवता येत नाही म्हणून मालक रात्रपाळीचा पगार फारसा वाढवू शकत नाही. पगार वाढत नाही म्हणून स्थानिक तरुण येत नाही. तो येत नाही म्हणून परदेशी कामगार आणला जातो, आणि तो मिळतो म्हणून पगार वाढवण्याची वेळच येत नाही. स्वस्त पाव सगळ्यांनाच हवा असतो, ‘आमच्या पोरांना काम नको’ म्हणणाऱ्यांनाही.

येणाऱ्या कामगारांची स्थिती कशी आहे?

अनेक जण कर्ज काढून येतात. गावातल्या दलालापासून शहरातल्या एजन्सीपर्यंत प्रत्येक जण पैसे घेतो. बेटावर पाऊल ठेवण्याआधीच कित्येक महिन्यांची कमाई देणेकऱ्यांच्या नावे लागलेली असते. ऊसतोडीच्या ‘उचली’सारखेच हे, फरक इतकाच की उचल मुकादम देतो, इथे दलाल घेतो. ‘ट्रान्सपरेंटेम’ या अमेरिकी संस्थेने २०२३ मध्ये मॉरिशसच्या काही कापड कारखान्यांवर अहवाल प्रसिद्ध केला. भरतीसाठी कामगारांकडून घेतलेले पैसे, फसवी आश्वासने, धाकदपटशा असे मुद्दे त्यात होते. त्यानंतर कपडे विकत घेणाऱ्या काही पाश्चात्त्य ब्रँडनी कामगारांना पैसे परत देण्याची तयारी दाखवली. त्याच वर्षी मॉरिशसने खासगी भरती एजन्सींसाठी नवा कायदा केला. मात्र पैसे घेतले जातात ते बहुतेकदा ढाक्याजवळच्या किंवा भारतातल्या एखाद्या गावात, जिथे मॉरिशसच्या निरीक्षकाचा हात पोहोचत नाही.

भारतीय कामगारांचा ओघ इतर मार्गांनीही आहे. पोर्ट लुई ते क्युरपाइप ही मेट्रो भारताच्या आर्थिक साह्याने आणि लार्सन अँड टुब्रोच्या कंत्राटातून उभी राहिली. तिच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन ऑक्टोबर २०१९ मध्ये झाले.

राजकारण काय म्हणते?

मॉरिशसचे राजकारण यावर दोन सुरांत बोलते. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत रामगुलाम यांच्या आघाडीने ६२ पैकी ६० जागा जिंकल्या. महागाई हा प्रचारातील मोठा मुद्दा होता. २०१८ मध्ये पहिल्यांदा लागू झालेले राष्ट्रीय किमान वेतन २०२४ पर्यंत साडेसोळा हजार मॉरिशस रुपयांवर गेले होते, भारतीय चलनात साधारण ३० हजार. नव्या सरकारने आल्या आल्या ठरावीक मर्यादेपर्यंत पगार असणाऱ्यांना ‘चौदाव्या महिन्याचा’ पगारही दिला. छोटे उद्योजक यावर कुरकुरले. पगारवाढीचा बोजा पेलत नाही आणि माणसेही मिळत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. ते पूर्णपणे खोटे नाही. ढाक्यातल्या कारखान्याशी स्पर्धा करणाऱ्या शर्टाला मॉरिशसचा पगार खरेच जड जातो.

मूळ अडचण मात्र वयाची आहे. मॉरिशसमध्ये दर स्त्रीमागे जन्मणाऱ्या मुलांचे सरासरी प्रमाण दीडच्याही खाली गेले आहे. लोकसंख्या स्थिर राहायला ते २.१ च्या आसपास लागते. शिकलेले तरुण फ्रान्स, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला जात आहेत. सर्वांना साठीनंतर मिळणारे सरकारी निवृत्तिवेतन परवडेनासे झाल्याने २०२५ च्या अर्थसंकल्पात ते वय टप्प्याटप्प्याने ६५ करण्याचा निर्णय झाला आणि लोक रस्त्यावर उतरले. उद्या सगळी स्थानिक मुले कोणतेही काम करायला तयार झाली, तरी ती पुरणार नाहीत. त्यामुळे परदेशी कामगार हवेत की नकोत हा वाद जवळपास निकालात निघाला आहे. ते कोणत्या अटींवर राहणार, हा प्रश्न उरतो.

महाराष्ट्राचा यात काय संबंध?

मॉरिशसमधील मराठी समाज हा मुंबई बंदरातून गेलेल्या, मुख्यतः कोकणातल्या मजुरांचा वंशज आहे. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि कोकणातील जाखडी ‘झाकरी’ या नावाने टिकून आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या महाराष्ट्र भवनात छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, त्या वेळी देवेंद्र फडणवीस गेले होते.

ज्या कोकणातून हे मजूर गेले, तिथे आज चित्र काय आहे? रत्नागिरी-सिंधुदुर्गातील आंब्याच्या बागांत राखणीला आणि फवारणीला नेपाळी कामगार आहेत. मासेमारी नौकांवर खलाशी नेपाळी आहेत. हंगामाच्या तोंडावर ते आले नाहीत तर बागायतदारांची झोप उडते. आणि बागायतदारही तेच म्हणतात, आमच्या पोरांना काम नको. ती पोरे मुंबई-पुण्यात बारा तास डिलिव्हरी करतात, सुरक्षारक्षक म्हणून उभी राहतात, आखाती देशांत जातात. मॉरिशसच्या क्रूझवरच्या तरुणापेक्षा त्यांची गोष्ट फारशी निराळी नाही. एक फरक मात्र मोठा आहे. नेपाळी खलाशाला भारतात यायला परवाना लागत नाही आणि एका मालकाकडून दुसऱ्याकडे जायला कोणाची परवानगी लागत नाही. न पटले तर तो नौका बदलतो, आणि मालकांना त्याची मर्जी राखावी लागते.

पुढे काय होऊ शकते?

मॉरिशसपुढे काही वाटा आहेत. परवाना मालकाऐवजी क्षेत्राशी जोडला, तर बेकरीतला कामगार दुसऱ्या बेकरीत जाऊ शकेल. मालकांना त्याला टिकवण्यासाठी पगार आणि तास दोन्ही सुधारावे लागतील, आणि सुधारलेल्या अटींवर काही स्थानिक तरुणही परततील. पाव आणि शर्ट दोन्ही थोडे महाग होतील, काही कारखाने बंद पडतील किंवा मादागास्करला जातील. कामगार संघटना स्थानिकांच्या पगारासाठी जितक्या जोरात बोलतात, तितक्याच जोरात वसतिगृहातल्या माणसासाठी बोलतात का, यावरही बरेच ठरेल. तो कराराच्या मुदतीचा पाहुणा आहे.

गिरमिट संपल्यावर मजुरांना निदान बेटावर राहता आले. परत गेलेल्यांपेक्षा राहिलेले खूप जास्त होते आणि त्यांच्या मुलांनी देश चालवला. आजच्या कामगाराला बायको-मुले आणून तिथे घर करण्याचा मार्ग जवळपास बंद आहे. मॉरिशसमध्ये राहण्याचा रस्ता परदेशी माणसाला मिळत नाही असे मात्र नाही. सरकारमान्य योजनेतील किमान पावणेचार लाख अमेरिकी डॉलरचे घर विकत घेतले, की ते घर मालकीचे असेपर्यंत राहण्याचा परवाना मिळतो.